शनिवारी दहा ते दोन वीज बंद

इन्व्हर्टर देवरामला देऊन टाकायचा, हा निर्णय चिंतामणराव गायधनी यांनी एका मंगळवारी सकाळी दाढी करता करता घेतला. निर्णय तसा लहानच होता. जिन्याखाली आठ वर्षं मुक्काम ठोकून बसलेली ती पेटी, तिच्या शेजारची अवजड बॅटरी, बॅटरीत अधूनमधून ओतावं लागणारं पाणी आणि ते ओतताना पायजम्यांना पडणारी भोकं (आतापर्यंत पाच पायजमे कामी आले होते) या सगळ्यातून एकदाचं मोकळं व्हावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. छपरावर सोलर बसलं होतं. प्रत्यक्ष सूर्यनारायण घरच्या कामाला लागल्यावर जिन्याखालचा हा म्हातारा कशाला पोसायचा?

"अहो," पलंगावरून मालिनीबाई म्हणाल्या, "राहू द्या ना... तो."

"अगं, पण आता त्याची गरज काय?"

"गरज... लागल्यावर... कळते."

मालिनीबाईंची वाक्यं अशी तुकड्यातुकड्यानं येत. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून अख्ख्या जिल्ह्याचे फोन जोडून दिले होते. तेव्हा त्यांचा आवाज असा खणखणीत होता, की सुरगाण्याहून ट्रंककॉल करणारा माणूससुद्धा आधी दोन शब्द त्यांच्याशीच बोलून घ्यायचा. आता त्यांची फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती. (डॉक्टरांनी या आजाराचं नाव सांगितलं होतं, ते फार लांब होतं. उपाय विचारल्यावर मात्र ते थोडक्यात बोलले होते.) एका श्वासात तीन-चार शब्द मावत. नाकाला नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन. चाकांवरचं ते मशीन दिवसातले सोळा तास घुं घुं करत खोलीतल्या हवेतून त्यांच्यापुरता ऑक्सिजन गाळून देई. मशीन चाले विजेवर. त्यामुळे इतरांच्या घरात वीज म्हणजे दिवे-पंखे असले, तरी या घरात तिचा अर्थ वेगळा होता.

आणि हे चिंतामणरावांइतकं कुणालाही कळत नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना नुसतंच मूर्ख ठरवाल. मूर्ख ते होतेच. पण सोलर त्यांनी बायकोसाठी बसवलं होतं. लाईट गेली, की जुना इन्व्हर्टर खट्कन चालू होई खरा, पण तो किती वेळ टिकेल याची त्यांना धास्ती. मग ते हातात घड्याळ घेऊन पलंगाशी बसत आणि मालिनीबाईंच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून आकडा बघत राहत. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. परत चौऱ्याण्णव. एकदा त्यांना भीती वाटली, की आकड्याकडे असं टक लावून बघितल्यामुळेच तो घसरतोय. त्या दिवशी त्यांनी सोलरवाल्या अमितला फोन केला.

पाथर्डी फाट्याच्या आतल्या अंगाला, जिथे पूर्वी द्राक्षबागा होत्या, तिथे आता रो-हाउसच्या रांगा आहेत. त्या कॉलनीत तोवर तीनच छपरांवर सोलर होतं. चिंतामणरावांचं चौथं. अमित चार दिवसांनी करारनामा घेऊन आला. चौदा पानं. चिंतामणराव भूमी अभिलेख कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि वाचल्याशिवाय सही करायची नाही हे त्यांचं व्रत होतं. आता, वाचणं म्हणजे काय हे त्या खात्यात काम केलेल्यालाच कळेल. पानांचे क्रमांक ओळीनं आहेत का, प्रत्येक पानावर शिक्का आहे का, तारीख एकच आहे का, डावीकडे फाईलला भोक पाडण्याइतकी जागा सोडलीय का. कागद काय म्हणतोय ही भानगड साहेबांची. छत्तीस वर्षं त्यांनी असं वाचलं होतं आणि एकदाही चुकीच्या कागदावर सही केली नव्हती. सातवं पान दोनदा आलंय हे त्यांनी बरोब्बर पकडलं आणि अमितला नवी प्रत काढायला परत पाठवलं.

नवी प्रत आली. पानापानावर छोटी सही करायला ते बसले, तेव्हा अमित म्हणाला, "काका, ते नववं पान एकदा नीट बघून घ्या हां. लाईट गेली ना, की आपलं हे..."

"नववं पान व्यवस्थित आहे," चिंतामणराव म्हणाले. "समास जरा कमी सोडलाय, पण चालेल. आता मला सांग, सूर्यापासून आपल्या छपरापर्यंत ऊन यायला किती वेळ लागतो, तुला माहीत आहे?"

अमितला माहीत नव्हतं. पुढचा पाऊण तास चिंतामणरावांनी त्याला ते समजावून सांगितलं. त्या पाऊण तासात नववं पान राहून गेलं ते राहूनच गेलं.

नवा मीटर लागला. त्यानंतरच्या नऊ दिवसांत वीज एकदाही गेली नाही (याचंही श्रेय चिंतामणरावांनी पॅनललाच दिलं). मग त्यांनी कोपऱ्यातला ऑक्सिजनचा जाडजूड सिलिंडर परत पाठवला. त्याच्याकडे बघून घरात दवाखान्यात असल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आईकडून कळल्यावर त्या मंगळवारीच पुण्याहून वल्लरीचा, म्हणजे लेकीचा फोन आला.

"बाबा, सिलिंडर परत का दिला? आणि इन्व्हर्टर पण देताय म्हणे. दोन्ही?"

"वल्लू, पॅनलला पंचवीस वर्षांची वॉरंटी आहे. सिलिंडरला होती का?"

"बाबा, तुम्ही कुणाला तरी नीट विचारा."

"मला लोक विचारतात आता," चिंतामणराव म्हणाले, आणि ते खरं होतं.

तर तो मंगळवार. देवराम भोये भिंतीला भिंत लावून राहायचा. तो एसटीत ड्रायव्हर होता. जन्म सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचा आणि नोकरी सगळी घाटातली. त्यामुळे बोलण्याआधी तो जरा थांबे, वळणावर गाडी हळू करावी तसा. जिन्याखालून इन्व्हर्टर ओढून काढताना तो असाच थांबला.

"भाऊसाहेब, नक्की ना? वहिनींचं मशीन हाय तुमच्याकडं."

"देवराम, तुमच्याकडे छपरावर काय आहे?"

"टाकी."

"माझ्याकडे पॉवर स्टेशन आहे. न्या तुम्ही."

देवरामनं पेटी खांद्यावर घेतली. बॅटरी दोघांनी मिळून उचलली, आणि तिनं जाता जाता चिंतामणरावांचा सहावा पायजमा घेतला.

त्याच आठवड्यात ज्येष्ठ नागरिक संघाचे सचिव किशोरराव घरी आले. शनिवारच्या बैठकीत गायधनींनी बोलावं अशी सगळ्यांची इच्छा होती. विषय: घरोघरी सौरऊर्जा, आज आणि उद्या. चिंतामणराव हो म्हणणारच होते, तेवढ्यात त्यांच्या मोबाईलवर वीज कंपनीचा संदेश आला. तारांच्या दुरुस्तीसाठी शनिवारी सकाळी दहा ते दोन वीज बंद राहील. आपल्यासारख्या माणसानं असा संदेश वाचून टाकी भरून ठेवली असती. चिंतामणराव उठून उभे राहिले.

"किशोरराव, उत्तम! व्याख्यान दहाच्या जरा आधी ठेवा. लाईट जाऊ दे. मग सगळ्यांना इथे घेऊन येतो आणि दाखवतो. अख्ख्या कॉलनीत अंधार, आणि माझ्याकडे मशीन चालू! याच्यापुढे भाषण काय करायचं?"

मालिनीबाईंनी हातातलं मासिक खाली ठेवलं. "मला... दाखवणार? चालू?"

"तुला नाही गं. मशीनला."

शनिवारी साडेनऊला ते निघाले. इस्त्रीचा झब्बा, हातात आकृत्यांची गुंडाळी. दाराशी कुणी आलं तर मालिनीला उठावं लागू नये, म्हणून त्यांनी बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली झब्ब्याच्या खिशात टाकली. हे त्यांनी प्रेमानं केलं होतं. पुढे कितीतरी दिवस ते स्वतःला हेच सांगत राहिले, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

संघाच्या हॉलमध्ये एक नियम आहे. व्याख्यानात रिंग वाजू नये म्हणून सगळ्यांनी आपापला मोबाईल मुका करून दाराजवळच्या टोपलीत ठेवायचा. वक्त्यानंही. चिंतामणरावांनी ठेवला.

"मित्रहो," त्यांनी सुरुवात केली, "पूर्वी आपल्या छपरावर काय असायचं? पाण्याची टाकी आणि कुरडयांचं वाळवण. आज आपल्या कॉलनीत चार छपरांवर वीज तयार होते. पाच वर्षांनी चाळीसांवर होईल. दुपारी आपण गावाला वीज देऊ, रात्री गावाकडून घेऊ. नातवंडांच्या गाड्या आपल्या छपरावर चालतील. म्हणजे, आपल्या छपरावरच्या विजेवर चालतील. आणि मुख्य म्हणजे, लाईट जाणे हा शब्दप्रयोग आपली नातवंडं विसरून जातील..."

बरोब्बर दहाला पंखे थांबले. माईक गेला. ज्येष्ठांनी सवयीनं हातातल्या पत्रिकांनी वारा घ्यायला सुरुवात केली. देवळालीकडे तोफांचा सराव चालला होता, त्याचा एक दणका आला आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या. चिंतामणरावांनी हात वर केला. माईकशिवायही त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता.

"गेली! इथे गेली. पण या क्षणी, मित्रहो, या क्षणी माझ्या घरी माझ्या पत्नीचं मशीन सुरू आहे. ती शांतपणे श्वास घेते आहे. का? कारण माझ्या छपरावर ऊन आहे!"

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी तर डोळे पुसले. चिंतामणरावांच्या आयुष्यात कुणी इतक्या टाळ्या वाजवल्या नव्हत्या. निवृत्तीच्या समारंभातही नाही. त्यांनी आणखी अर्धा तास घेतला.

मग निघाली वरात. पुढे चिंतामणराव, मागे एकवीस ज्येष्ठ, त्यात दोन काठ्या आणि एक वॉकर. मोबाईल टोपलीतून उचलून त्यांनी बघितल्याशिवाय खिशात टाकला, कारण बोलणं चालू होतं. दहा मिनिटांची वाट. पण वाटेत पुष्कळ छपरं होती. प्रत्येक छपराशी थांबून, हे दक्षिणेला किती तोंड करून आहे, इथे किती पॅनल बसतील, झाडाची सावली कुठे येईल, हे सांगणं भाग होतं. कुणीतरी उसाचा रस प्यायची टूम काढली. रसवंतीचं यंत्र लाईट नसल्यामुळे बंद होतं, त्यावरही चिंतामणराव पाच मिनिटं बोलले.

घराशी पोचायला सव्वाअकरा झाले. फाटक सताड उघडं होतं. दाराचं कुलूप कोयंड्यासकट उपटून पायरीवर पडलं होतं आणि शेजारी एक पहार.

"चोर!" चिंतामणराव ओरडले आणि आत धावले.

आता जे झालं ते मला लिहायला आवडत नाही, पण ते झालं. आत शिरल्यावर चिंतामणरावांनी पहिल्यांदा भिंतीकडे बघितलं. सोलरची पांढरी पेटी जागेवर आहे का, ते बघितलं. होती. तिच्यावर एक तांबडा दिवा लुकलुकत होता. मग त्यांनी पलंगाकडे बघितलं. पलंग रिकामा होता. मशीनही नव्हतं. उशीवर नुसता चष्मा होता.

पहिल्यांदा पेटी आणि मग पलंग. हा क्रम त्यांच्याखेरीज कुणाला कळला नाही. त्यांनी तो पुढे कुणाला सांगितलाही नाही.

"भाऊसाहेब! इकडं या, इकडं!" भिंतीपलीकडून ठमाबाईंची, देवरामच्या बायकोची हाक आली.

देवरामच्या बाहेरच्या खोलीत खाटेवर मालिनीबाई होत्या. ठमाबाई त्यांना पाठीमागून कवेत धरून बसत्या ठेवत होत्या. मालिनीबाईंचे ओठ निळसर पडले होते आणि केस कपाळाला चिकटले होते. डोळे मात्र उघडे होते. खाटेखाली मशीन घुं घुं करत होतं. मशीनची वायर जिथे गेली होती, तिथे चिंतामणरावांचा जुना इन्व्हर्टर बसला होता.

"मशीन पीं पीं करून वरडत व्हतं," ठमाबाई म्हणाल्या. "आधी वाटलं कुकर हाय. पन थांबंचना. मंग मी हाका मारल्या. वहिनी बोलंना. ह्यांनी तुमाला फोन लावले, लय लावले. उचलला नाय. मंग कुलूप तोडलं."

"उचलून आणलं," देवराम म्हणाला. त्याचे दोन्ही तळहात सोलले होते. "वजनच नाय हो वहिनींना काही."

चिंतामणरावांनी खिशातून मोबाईल काढला. अकरा फोन येऊन गेले होते. सात देवरामचे. चार मालिनीचे, दहा वाजून दोन, तीन, तीन आणि सहा मिनिटांनी. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडून देणाऱ्या बाईचा स्वतःचा फोन लागला नव्हता. चिंतामणराव खाटेशी मटकन खाली बसले. 

दाराशी एकवीस ज्येष्ठ चपला काढून उभे होते.  किशोररावांनी हळूच विचारलं, "म्हणजे, लाईट गेली की हे सोलर बंद पडतं?"

उत्तर अमितनं फोनवर दिलं. तो रडवेला झाला होता. "काका, बंद पडतंच. पाडावंच लागतं. तुमच्या छपरावरची वीज उलटी तारेत गेली, तर खांबावर चढलेला वायरमन जागेवर मरेल ना. म्हणून लाईट गेली, की सोलर आपोआप थांबतं. चालू ठेवायचं तर वेगळी बॅटरी लागते. नवव्या पानावर आहे, काका. मी सांगत होतो."

चिंतामणरावांनी नंतर ते पान काढलं. होतं. अगदी स्पष्ट, ठळक अक्षरात होतं. आणि त्याच्या बरोब्बर खाली, समास कमी असल्यामुळे जरा दाटीवाटीनं, त्यांची छोटी सही होती.

मालिनीबाई बारा दिवस दवाखान्यात राहिल्या. आता सोळा नव्हे, चोवीस तास मशीन, असं डॉक्टर म्हणाले. चिंतामणरावांनी त्यांना बाहेर गाठून विचारलं, हे त्या दिवसामुळे का? डॉक्टर चांगले होते. म्हणाले, हे होणारच होतं, काका. थोडं लवकर झालं, इतकंच. चिंतामणराव घरी येईपर्यंत ते 'थोडं लवकर' मनात मोजत होते. थोडं म्हणजे किती? महिना? वर्ष? छत्तीस वर्षं ज्याच्या टेबलावरून लोकांच्या जमिनींची वीतभरापर्यंतची मापं गेली, त्याला एवढं एक माप लागेना.

घरी आल्यावर दोन दिवस ते बायकोशी बोललेच नाहीत. बोलायची हिंमत नव्हती. तिसऱ्या दिवशी मालिनीबाईंनीच खुणेनं जवळ बोलावलं.

"एक... सांगू?"

"सांग."

"लाईट गेल्यावरही... चालू राहतं... असं यंत्र... आहे आपल्याकडे."

"कुठलं?" चिंतामणरावांनी घाबरून खोलीभर नजर फिरवली.

मालिनीबाईंनी बोट त्यांच्याकडे केलं. "तुम्ही. त्या दिवशी... सव्वा तास... माईकशिवाय."

आणि त्या हसल्या. हसल्यामुळे त्यांना धाप लागली, चिमट्यातला आकडा पाच-सहानं उतरला, तो परत वर चढेपर्यंत चिंतामणरावांनी चिमट्यावरची नजर हलवली नाही. पण मग तेही हसले. हसता हसता रडले, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

सिलिंडर परत येऊन कोपऱ्यात उभा राहिला. देवराम इन्व्हर्टर खांद्यावर घेऊन परत करायला आला, तेव्हा मात्र मालिनीबाईंनी मान हलवली. "नको. शनिवारी... मी तिकडेच... येणार."

पावसाळ्याआधी तारांवरच्या फांद्या तोडायचं काम निघालं होतं, त्यामुळे जवळजवळ दर शनिवारी दहा ते दोन वीज बंद. साडेनऊला मालिनीबाई पावडर लावून, बरी साडी नेसून तयार असत. माहेरी निघाल्यासारख्या. चिंतामणराव मशीन ढकलत मागून जात. देवरामकडचा प्लग खाटेपासून लांब होता, म्हणून वायरीचं लांब एक्स्टेंशन न्यायचं, ते काम चिंतामणरावांकडे होतं. (दुसरं कुठलंही काम त्यांच्यावर सोपवायला कुणी तयार नव्हतं.) ठमाबाई नागलीची भाकरी दुधात कुस्करून भरवत. दोघी तास तास बोलत बसत, म्हणजे ठमाबाई बोलत आणि मालिनीबाई मध्येच दोन शब्द टाकत, की ठमाबाई पदराआड हसून लोटपोट. विषय काय, हे चिंतामणरावांना कधी कुणी सांगितलं नाही. आपणच असणार, हे त्यांना माहीत होतं. असे आठ शनिवार मिळाले.

श्रावणाच्या आधी मालिनीबाई गेल्या. त्या दिवशी वीज होती, मशीन चालू होतं, सिलिंडर भरलेला होता. सगळं होतं. नळी नीट नाकाला होती आणि चिंतामणराव हात धरून बसले होते. मशीन नंतरही बराच वेळ घुं घुं करत राहिलं, कारण ते बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

वल्लरी पुण्याला चला म्हणाली. ते गेले नाहीत. दिवाळीनंतर ऊन स्वच्छ पडू लागलं आणि छपरावरचं सोलर जोमात चाललं. घरात आता एक पंखा आणि एक दिवा. उरलेली सगळी वीज तारेतून गावाला जात होती. कॉलनीत आता अकरा छपरांवर पॅनल आले होते, आणि अमित म्हणाला ते खरं होतं, की नव्या सगळ्यांनी ते बॅटरीसकट घेतले होते. करारावर सही करण्याआधी माणसं स्वतःहून नववं पान उघडत. "गायधनी काकांचं पान कुठंय?" असं विचारत. चिंतामणरावांनी व्याख्यानात जे जे सांगितलं होतं, ते त्यांना आणि मालिनीला वगळून बाकी सगळ्यांच्या बाबतीत खरं होत चाललं होतं.

मग एक शनिवार आला. संदेश आदल्या दिवशीच आला होता, दहा ते दोन. साडेनऊला चिंतामणराव उठले, झब्बा घातला, एक्स्टेंशन घेतलं, दाराला कुलूप लावलं आणि शेजारी जाऊन कडी वाजवली. ठमाबाईंनी दार उघडलं. त्यांनी भाऊसाहेबांच्या हातातलं एक्स्टेंशन बघितलं, मग त्यांच्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

चिंतामणरावांनीही मागे वळून बघितलं. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

"मोबाईल," ते म्हणाले. "मोबाईल चार्ज करायचा होता. लाईट जाणार ना आता."

ठमाबाईंनी मोबाईल हातात घेतला. "भाऊसाहेब, ह्यो तं शंभर टक्के भर..."

"दे इकडं," आतून देवराम म्हणाला. त्यानं मोबाईल घेतला, शांतपणे बघितला, एक्स्टेंशन उलगडलं, खाटेपर्यंत आणलं आणि मोबाईल चार्जिंगला लावला. "लय उतरलाय, भाऊसाहेब. दोन-तीन तास तं लागतील. बसा."

चिंतामणराव खाटेवर बसले. दहाला लाईट गेली. इन्व्हर्टर खट्कन चालू झाला. वरचा पंखा फिरत राहिला.  मग त्यांच्याच्यानं राहवेना.

"देवराम, खरं म्हणजे भरलेली बॅटरी अशी लावून ठेवू नये. तिचं आयुष्य कमी होतं. का, ते सांगू का?"

"सांगा," देवराम म्हणाला आणि खाली चटईवर मांडी घालून बसला.

चिंतामणराव सांगू लागले. बॅटरीवरून ते विजेवर आले, विजेवरून उन्हावर, उन्हावरून सूर्यावर. मध्येच, जिथे मालिनीनं दोन शब्द टाकले असते, तिथे ते सवयीनं थांबले. कुणी काही बोललं नाही. ते पुढे निघाले. पुढे बॅटऱ्या कशा लहान होतील, माणसं शेजाऱ्याला भिंतीतून वीज कशी देतील, हे सांगताना त्यांचा आवाज चढला. भाकरी झाली, ती त्यांच्यापुढे ठेवली, ती निवली. देवरामची मान छातीवर टेकली होती आणि तो मंद घोरत होता.

ठमाबाई ताट उचलायला आल्या, तेव्हा चिंतामणरावांनी वर पंख्याकडे बघितलं. "लाईट अजून आली नाही वाटतं," ते म्हणाले.

"लाईट कवाच आली, भाऊसाहेब," ठमाबाई म्हणाल्या. "तासभर झाला. वहिनी म्हनायच्या तेच खरं. तुमचं चालू राहू द्या."